खांचाखोंचांची भूमिति

बेन्वा मांडेलब्रॉट यांचा 'द फ्रॅक्टल जॉमेट्री ऑफ नेचर' हा ग्रंथ १९८२ सालीं प्रसिद्ध झाला. चाळीस वर्षांनंतर त्याचें परीक्षण कां, असें वाचक विचारतील. ज्या ग्रंथाचें नांव पुष्कळांच्या तोंडीं आहे पण ज्याचीं पानें थोड्यांनींच उलटलीं आहेत, त्याचें परीक्षण व्हावयाचेंच राहिलेलें असतें, असें आमचें मत आहे. शिवाय आम्ही ज्या नंदुरबार जिल्ह्यांत अध्यापन करतों, त्या जिल्ह्यानेंच ह्या ग्रंथाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टि आम्हांस दिली.

ग्रंथाचें बीज १९६७ च्या एका लहानशा लेखांत आहे. ब्रिटनचा किनारा किती लांब आहे, हा त्याचा प्रश्न. लुई फ्राय रिचर्डसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञास असें आढळलें होतें कीं स्पेन व पोर्तुगाल ह्यांची सरहद्द एक राष्ट्र ९८७ किलोमीटर सांगतें, तर दुसरें १२१४. ह्यांत लबाडी कोणाचीच नव्हती. मोजपट्टी लांब असली कीं ती लहान वळणें ओलांडून जाते. आंखूड केली कीं तीं वळणें हिशेबांत येतात आणि लांबी वाढते. वर्तुळाचा परिघ मोजतांना पट्टी लहान लहान करीत गेल्यास उत्तर एका संख्येपाशीं स्थिर होतें. किनाऱ्याचें होत नाहीं.

मग अशा रेषेविषयीं निश्चित असें कांहीं सांगतांच यावयाचें नाहीं काय? मांडेलब्रॉट म्हणतात, लांबी सोडा व मिति पाहा. सरळ रेषा तिप्पट केली तर मूळ रेषेचे तीन तुकडे तींत बसतात; चौरसाची बाजू तिप्पट केली तर नऊ चौरस बसतात. स्वीडिश गणिती कॉख ह्यानें १९०४ सालीं दिलेली वक्ररेषा तिप्पट केली असतां तींत मूळ रेषेच्या चार प्रती सांपडतात. चार ही संख्या तीन व नऊ यांच्या मधली. म्हणून त्या रेषेची मितिही एक व दोन यांच्या मधली, सुमारें १·२६. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची मिति सुमारें १·२५ भरते, तर दक्षिण आफ्रिकेच्या गुळगुळीत किनाऱ्याची १·०२. लॅटिन भाषेंत तुटलेल्यास जो शब्द आहे, त्यावरून १९७५ सालीं मांडेलब्रॉट यांनीं 'फ्रॅक्टल' हें नांव घडविलें. आमच्या परिभाषाकारांनीं त्यावर एखादा लांबलचक सामासिक शब्द लादण्याची घाई करूं नये, एवढीच आमची विनंति.

हें सर्व परदेशचें आहे असें कोणी समजूं नये. भारताचा समुद्रकिनारा ७,५१६ किलोमीटर, असें आम्ही शाळेंत घोकलें व पुढें इतरांकडून घोकून घेतलें. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालांत तो ११,०९८ किलोमीटर झाला. महाराष्ट्राचा ६५२ चा ८७७ झाला. समुद्र होता तेथेंच आहे. मोठ्या प्रमाणाच्या नकाशावरून मोजतांच कोंकणांतील खाड्या व फांटे बोलूं लागले, इतकेंच.

आतां दोषांकडे वळूं. ग्रंथाची रचना विस्कळीत आहे. इतिहास, व्यक्तिचरित्रें, नांवांचे वाद आणि आपल्या अग्रत्वाचा वारंवार केलेला उल्लेख ह्यांतून मूळ युक्तिवाद वाचकास वेंचून काढावा लागतो. परंतु ह्याहून मोठा आक्षेप शास्त्राचा आहे. लिओ कॅडनॉफ ह्या भौतिकशास्त्रज्ञानें १९८६ सालींच विचारिलें कीं ह्यांत भौतिकशास्त्र कोठें आहे? किनाऱ्याची मिति सांगितली, पण समुद्रानें तो तसाच कां कोरला, ह्याचें उत्तर त्या संख्येंत नाहीं. पुढें १९९८ सालीं डेव्हिड अव्हनीर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध झालेलीं अनेक मापनें तपासून दाखविलें कीं निसर्गांतील बहुतेक 'फ्रॅक्टल' लहानमोठेपणाच्या फारच आंखूड पट्ट्यांत तसे असतात. सरासरीनें लहानांत लहान व मोठ्यांत मोठें माप यांत वीसपटींचेंच अंतर. कॉखची रेषा अनंतापर्यंत तशीच तुटत जाते. फ्लॉवरचा गड्डा तीनचार पायऱ्यांतच थकतो. हा भेद ग्रंथकारास ठाऊक होता, पण चित्रांच्या मोहांत तो वाचकाच्या नजरेआड होतो, ही आमची तक्रार आहे.

ह्या मोहाचें एक देशी रूपही आहे. सिन्नरच्या गोंदेश्वराचें भूमिज शिखर पाहावें: मोठ्या शिखराच्या अंगावर त्याच घाटाचीं लहान शिखरें ओळीनें चढत जातात. तें पाहून आमचे कांहीं मित्र पूर्वजांस ही भूमिति ठाऊक होती असें म्हणूं लागतात. स्थपतीस पुनरावृत्तीचें सौंदर्य ठाऊक होतें ह्यांत शंका नाहीं. पण अपूर्णांकी मितीची कल्पना ही वेगळीच गोष्ट आहे. त्या शिखराची थोरवी मांडेलब्रॉटच्या प्रमाणपत्रावांचून कांहीं उणी होत नाहीं.

इतकें असूनही आम्ही हा ग्रंथ टाकाऊ मानीत नाहीं. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस नर्मदा आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील तेहतीस गांवें आलीं. धरणाची पूर्ण जलपातळी १३८·६८ मीटर. सप्टेंबर २०१९ मध्यें पाणी प्रथमच तेथवर पोंचलें. सातपुड्याच्या घळींत चढणारें पाणी सरळ रेषेनें चढत नाहीं; तें प्रत्येक ओहोळांत शिरतें, प्रत्येक सोंडेला वळसा घालतें. ग्रंथांत बेटांच्या व सरोवरांच्या कांठांचा जो विचार आहे, तो येथें शब्दशः डोळ्यांपुढें उभा राहतो. बारकाईनें मोजूं लागलें म्हणजे बुडालेलें क्षेत्रफळ एका आंकड्यापाशीं स्थिरावतें. कांठाची लांबी मात्र वाढतच जाते. कॉखच्या हिमकणाचेंही तेंच: क्षेत्र मर्यादित, परिघ अमर्याद. सरकारी कोष्टकांत हेक्टर असतात, कारण हेक्टर स्थिर असतात. परंतु माणसें राहतात तीं कांठावर. जमीन बुडाली नाहीं पण चहूंकडून पाण्यानें वेढली, तिला ह्या भागांत 'टापू' म्हणतात. ती कोणाच्या हिशेबांत धरावयाची, हा वाद वर्षानुवर्षें चालला आहे. मितीच्या संख्येनें हा वाद मिटेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण पट्टी कोणी निवडली हा प्रश्न मापनाच्या बाहेरचा नसून मापनाचाच भाग आहे, एवढें ह्या ग्रंथावांचून आम्हांस इतकें स्पष्ट दिसलें नसतें. ज्यांस इंग्रजी व बेताचें गणित येतें त्यांनीं निदान किनाऱ्यावरील आरंभीचे अध्याय वाचावे. उरलेले चाळले तरी चालतील.

एकदां आम्ही वर्गांत १:५०,००० प्रमाणाचा नकाशा पसरून १४० मीटरची समोच्चरेषा कर्कटकानें मोजावयास सांगितली. ही रेषा जलपातळीच्या अगदीं निकटची. कर्कटकाचें अंतर कमी करावें तों बेरीज वाढे, आणि मुलें हंसत. धडगांवाकडील एक विद्यार्थी मात्र हंसला नाहीं. त्यानें विचारलें, "सर, आमचं शेत ह्या रेषेच्या आंत कीं बाहेर?" आम्ही वांकून पाहिलें. अर्ध्या मिलिमीटरच्या शिसपेन्सिलीची रेघ जमिनीवर पंचवीस मीटर रुंद होते. त्याचें शेत त्या रेघेखालींच होतें. आम्ही पेन्सिलीस टोंक केलें, आणि त्यानें पहिल्या ओहोळापासून पुन्हा मोजावयास आरंभ केला.