पत्र आणि अहवाल

संस्थेचा इतिहास हा मराठीत एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. समीक्षकाने मात्र त्याच्याकडे कधी वळून पाहिलेले नाही. वाचनालयाची शताब्दी असो, शाळेचा सुवर्णमहोत्सव असो की पतपेढीचा रौप्यमहोत्सव असो, स्मरणिका ही निघतेच. तिच्यात संस्थापकांची छायाचित्रे असतात, देणगीदारांची यादी असते आणि 'संस्थेची वाटचाल' ह्या नावाचा एक लेख असतो. हा लेख कोणी वाचीत नाही, असा समज आहे. मी वाचतो. सार्वजनिक काम करणारी माणसे आपल्या कामापैकी काय सांगण्याजोगे मानतात आणि काय गाळतात, हे त्यातून जितके कळते तितके त्यांच्या आत्मचरित्रांतूनही कळत नाही. पुष्कळ संस्थांच्या बाबतीत हा गाळलेला भाग म्हणजे कार्यकारी मंडळातली भांडणे असतात आणि ती गाळल्याने फारसे बिघडत नाही. पण जिच्या बाबतीत गाळलेला भाग हाच खरा इतिहास आहे, अशा एका संस्थेविषयी मला येथे लिहावयाचे आहे. मुंबईतील हमसफर ट्रस्ट ही ती संस्था. १९९४ पासून ती समलिंगी पुरुषांसाठी आणि तृतीयपंथीयांसाठी काम करीत आली आहे.

तिच्याविषयीचे लेखन थोडेथोडके नाही. अहवाल आहेत, प्रकल्पांचे आढावे आहेत, वर्तमानपत्री मुलाखती आहेत. ते वाचून सनावळी नीट कळते, संस्थेचे उद्योग कळतात, कोणत्या खटल्यात ती उभी राहिली हे कळते. जिना चढून तेथे आलेला माणूस मात्र कळत नाही. माझी तक्रार एवढीच आहे. पण ती लहान नाही.

कारण ही संस्था मुळात लिखाणातून जन्मली. अशोक राव कवी ह्या पत्रकाराने १९८६ मध्ये एका इंग्रजी मासिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी आहोत हे नावानिशी सांगितले, आणि १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले. प्रामुख्याने इंग्रजी, सोबत थोडा हिंदी मजकूर, असे त्याचे रूप होते. आरंभीचे अंक तपकिरी कागदात गुंडाळून विकले जात, असे सांगतात. चार वर्षांनी श्रीधर रंगायन आणि सुहैल अब्बासी ह्यांच्यासह त्यांनी ट्रस्ट स्थापन केला. सर्व आढाव्यांत ह्या दोन घटना एकापुढे एक मांडलेल्या असतात, जणू मासिक ही पहिली पायरी आणि संस्था ही दुसरी. पहिल्या पायरीवरून दुसरीवर पाऊल का पडावे लागले, हे कोणी सांगत नाही. मला ते महत्त्वाचे वाटते, आणि ते समजून घेण्यासाठी मराठी वाचकाने थोडे मागे जावे.

रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ मध्ये सुरू झाले. वडिलांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढून त्याची पुढे मोठी संस्था केली. मुलापाशी तसले बळ नव्हते. होते एक संततिनियमनाचे केंद्र आणि एक तोट्यात चाललेले मासिक. ह्या मासिकात वाचक आपले प्रश्न पाठवीत आणि कर्वे त्यांना छापील उत्तरे देत. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा जो दुसरा खटला झाला तो ह्या उत्तरांवरून. प्रश्न हस्तमैथुनाविषयी होते, तसे समलिंगी संबंधांविषयीही होते. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिक लैंगिक ज्ञानासाठी आहे, लोक प्रश्न विचारतात, मग त्यांना उत्तर का देऊ नये, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता. कर्वे हरले आणि त्यांना २०० रुपये दंड झाला. ही हकीकत सांगताना आपण नेहमी वकिलाकडे आणि आरोपीकडे पाहतो, आणि ते साहजिकही आहे, एवढी ती दोन माणसे मोठी. पण त्या खोलीत एक तिसरा माणूस गैरहजर होता. तो म्हणजे प्रश्न विचारणारा वाचक. सारा खटला त्याच्या प्रश्नावरून चालला, आणि त्याचे उत्तर त्याच्यापर्यंत पोचले की नाही ह्याची चौकशी कोणत्याही न्यायालयाला करावयाची नव्हती.

त्या वाचकाने पत्राचे उत्तर टपालाने न मागता मासिकातूनच का घेतले असेल? ज्याने चाळीत दिवस काढले आहेत त्याला हे विचारावे लागणार नाही. तेथे टपाल माणसाला येत नाही, मजल्याला येते. पोस्टमन गॅलरीतून हाक मारतो, पत्र आधी वहिनीच्या हाती पडते, मग वडिलांच्या, आणि लिफाफ्यावरचे परके अक्षर पाहून शेजारच्या बिऱ्हाडातही चौकशी होते. अशा घरातल्या माणसाला पत्र लिहिता येते, पत्र घेता येत नाही. छापील उत्तर ही त्याची एकच सोय, कारण तेथे पत्ता लागत नाही. पण छापील उत्तरालाही मर्यादा आहे. ते एकदाच बोलते. वाचकाच्या मनात त्यावरून पुढचा प्रश्न उभा राहिला, तर त्याला दुसऱ्या महिन्याची वाट पाहावी लागते. आणि बापाने स्थळ पाहिले आहे, येत्या वैशाखात लग्न उरकावयाचे म्हणतात, असा ज्याचा प्रश्न आहे त्याला दुसरा महिना नसतो. त्याला समोर बसून बोलणारे कोणी हवे असते. मासिकाला संस्था व्हावे लागले ते येथे. संस्थेच्या स्थापनेचा हा भाग कोणत्याही ट्रस्ट डीडमध्ये सापडणार नाही.

सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यास, महानगरपालिकेच्या एका जुन्या इमारतीत हमसफरला जागा मिळाली. ह्या गोष्टीतला उपरोध अहवालांनी वाया घालविला आहे. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम तेव्हा पुरते जिवंत होते. ज्या कृत्याला सरकारच्या कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, त्यावरून ज्यांची ओळख ठरे त्या माणसांना बसावयास त्याच राज्यव्यवस्थेतील नगरपालिका खोली देत होती. दया आली म्हणून नव्हे. एड्स आला म्हणून. तेथे 'ड्रॉप-इन सेंटर' सुरू झाले. हा शब्द मराठीत कोणी आणला नाही, ह्याचे मला वाईट वाटते, कारण आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: ओसरी. काही काम नसताना येऊन टेकण्याची, कोण कुठला हे न विचारता पाणी मिळण्याची जागा. शहरात जन्मलेल्या माणसाला ओसरी ठाऊक नसते, आणि ह्या माणसांना तर तिची सर्वांत जास्त गरज होती. रेल्वेचे फलाट, सार्वजनिक मुताऱ्या आणि बागांचे अंधारे कोपरे ह्यांखेरीज भेटावयास जागा नसलेल्या माणसाला खुर्ची, पंखा आणि दिवा असलेल्या खोलीत आपल्यासारख्यांबरोबर चहा प्यावयास मिळणे, ह्यात केवढे स्थित्यंतर आहे! अहवालात ह्याची नोंद 'लाभार्थी' ह्या रकान्यात होते.

येथे मी माझ्या मूळ तक्रारीवर येतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली आणि पुढे अशा संस्थांना पैसा मिळू लागला तो प्रामुख्याने रोगप्रतिबंधासाठी. पैशाबरोबर भाषा आली. जो कालपर्यंत 'दोस्त' होता तो 'एमएसएम' झाला, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष. ह्या शब्दाची सोय मला कळते. ज्याला स्वतःला काहीच म्हणवून घ्यावयाचे नाही, ज्याची बायकामुले गावी आहेत, त्यालाही तो सामावून घेतो. पण तो सामावतो कसा? प्रेम, मत्सर, एकटेपण, आईची धास्ती, सगळे बाजूला काढून एक कृत्य तेवढे ठेवतो. मग 'हाय रिस्क ग्रुप', मग 'टार्गेटेड इंटरव्हेन्शन'. लक्ष्य ह्या शब्दाचा मराठीतला पहिला अर्थ बाण मारावयाची वस्तू असा आहे, हे भाषांतर करणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. त्या भाषेत रडत आलेल्या मुलाशी रात्रीपर्यंत बोलत बसणे हे काम मोजता येत नाही. वाटलेले निरोध मोजता येतात. जे मोजता येते त्याला अनुदान मिळते, आणि ज्याला अनुदान मिळते तेच काम, असे हळूहळू कार्यकर्त्यालाही वाटू लागते. साहित्यातही असे घडते. स्पर्धेसाठी कथा लिहिणाऱ्यांचे काय होते ते आपण पाहतोच.

तरी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ही रुक्षता निव्वळ आळसाची नव्हती; ते चिलखतही होते. जुलै २००१ मध्ये लखनौ येथे अशाच स्वरूपाचे काम करणाऱ्या संस्थांच्या कचेऱ्यांवर पोलिसांनी छापा घातला, कागदपत्रे उचलली आणि चार कार्यकर्त्यांना ३७७ व्या कलमाखाली अटक केली. ते दीड महिन्याहून अधिक काळ तुरुंगात होते. त्यांच्याविरुद्ध पुढे केले गेले ते त्यांचेच प्रचारसाहित्य. ज्या देशात माणसाची कबुली हा पुरावा ठरतो, तेथे संस्थेने माणसाचे आकड्यात रूपांतर केले तर तिला दोष देता येत नाही. आकड्याला अटक होत नाही. म्हणून २०१८ पूर्वीच्या अहवालांवर मी रागावत नाही. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दार उघडले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते लावून घेतले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा उघडले. त्यानंतरही लेखणी तीच भाषा लिहीत राहिली, त्याचा मात्र राग येतो.

दुसरा रस्ता नव्हता असे नाही. बिंदुमाधव खिरे अमेरिकेतील संगणकाची नोकरी सोडून पुण्यास परतले आणि २००२ मध्ये त्यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला. ह्या नावापाशी थोडे थांबावेसे वाटते. फारसीतला 'हम' आणि संस्कृतातला 'सम' ही एकाच मुळाची दोन रूपे. सफर म्हणजे प्रवास, पथिक म्हणजे वाटसरू. म्हणजे समपथिक हे हमसफरचे शब्दशः मराठी रूप होय. मुंबईने नाव घेतले ते सिनेमाच्या हिंदुस्तानीतून, पुण्याने घेतले ते संस्कृतातून, आणि दोन्ही शहरे आपापल्या स्वभावाला जागली! शिवाय 'समलिंगी'तला 'सम' तेथे अलगद येऊन बसला आहे. 'गे' हा शब्द मराठीत रुजणे तसे अवघडच. आपल्याकडे ती स्त्रीला लाडाने हाक मारावयाची लकब.

खिऱ्यांचे वेगळेपण असे की त्यांनी संस्था चालविताना मराठीत लिहिले, आणि सतत लिहिले. 'इंद्रधनु' हे माहितीपर पुस्तक, 'पार्टनर' ही कादंबरी (हे नाव दुकानात मागितले की व. पु. काळे हाती पडतात, हा त्यांचा दोष नव्हे), समलिंगी मुलांच्या आईवडिलांच्या आणि नातेवाइकांच्या हकीकती एकत्र करणारे 'मनाचिये गुंती'. मधल्या काळात डॉक्टरांची प्रश्नोत्तरे मराठीत येत होती, पण तेथे पत्र लिहिणाऱ्याला रुग्ण होऊनच जावे लागे. कर्व्यांच्या वाचकाला १९५३ नंतर जो मराठी पत्ता हरवला होता, तो येथे पुन्हा सापडला. खिऱ्यांचे गद्य साधे आहे, पुष्कळदा समजावणीचे आहे. कलाकृती म्हणून त्यात उणिवा दिसतात. समुपदेशक कादंबरीकाराचा हात धरतो आणि पात्राला भरकटू देत नाही. पण 'मनाचिये गुंती'त, जेथे लेखक बाजूला होऊन नातेवाइकांना बोलू देतो, तेथे भाषा एकदम जिवंत होते. आईच्या हकीकतीला रकाने पाडता येत नाहीत. अहवालाला जे जमले नाही ते ह्या पुस्तकाने केले आहे, आणि तेही संस्थेच्याच कामातून.

आपल्या ललित साहित्याने तरी ही संस्था कोठे पाहिली? तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधील मित्रा १९८१ मध्ये रंगभूमीवर आली. तिला बापू नावाचा एक मित्र तेवढा मिळतो. पत्ता मिळत नाही, आणि तिचा सर्वनाश होतो. चेतन दातार ह्यांच्या '१, माधवबाग'ला नावच पत्त्याचे आहे, पण तो घराचा पत्ता आहे. तेथे आई एकटी बोलते. सचिन कुंडलकर ह्यांच्या 'कोबाल्ट ब्लू'त (२००६) भाऊ आणि बहीण एकाच माणसावर जीव टाकतात आणि दोघेही आपापल्या दुःखात एकटी राहतात. तिन्ही कृती मला मोलाच्या वाटतात. परंतु समलिंगी माणूस म्हणजे एकटा माणूस, ही समजूत त्यांनी मराठी वाचकाच्या मनात पक्की केली. अशी वीस माणसे एका खोलीत बसून वर्गणीवरून भांडत आहेत, कोणी इंग्रजीत बोलतो म्हणून दुसरा रुसला आहे, तृतीयपंथीयांना पुढची खुर्ची मिळत नाही म्हणून कोणी उठून जात आहे, असे दृश्य मराठी कथेत माझ्या वाचनात नाही. संस्थेचे आयुष्य असल्याच गोष्टींचे असते.

तो इतिहास लिहावयाचा तर पत्रे उघडावीत असे मी म्हणणार नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांपैकी कित्येक आज कोणाचे तरी आजोबा असतील; त्यांची परवानगी कोण आणि कशी मागणार? पत्रे नावे झाकून जपावीत आणि पन्नास वर्षे बंद ठेवावीत. पण खोलीत बसणाऱ्यांना कोणाच्या परवानगीची गरज नाही. वाकोल्याचा तो जिना पहिल्या वर्षांत चढलेली माणसे आता साठीच्या पुढे गेली आहेत. किल्ली कोणाकडे असे, चहाचे पैसे कोण देई, पोलिस आले तर काय सांगावयाचे असे ठरले होते, लग्न ठरलेल्या मुलाला कोण काय सल्ला देई आणि तो कितीदा चुकला, हे त्यांना विचारावे; ज्या भाषेत ते सांगतील त्याच भाषेत लिहून घ्यावे; आणि तो मजकूर प्रकल्प-अधिकाऱ्याच्या हाती दुरुस्तीला देऊ नये.