मालिकांतील मराठीपण : सीमेवरून एक विचार

बेळगावच्या कॅम्पात राहणाऱ्या मराठी माणसाला दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या परीक्षणाची एक सोय अनायासे लाभली आहे. पुण्यामुंबईच्या रसिकाला ती सहसा लाभत नाही. १८३२ साली वसलेल्या या छावणीच्या वस्तीत मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू आणि तमिळ बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी नांदतात, आणि दिवेलागणीनंतर एकाच आळीतील घरांतून निरनिराळ्या भाषांतील मालिकांचे आवाज ऐकू येऊ लागतात. पुष्कळ घरांत तर एकाच पडद्यावर अर्धा तास मराठी आणि अर्धा तास कन्नड असा क्रम चालतो. त्यामुळे एकच गोष्ट दोन भाषांत पाहण्याचा योग येथे वारंवार येतो. कोल्हापूरच्या परिसरात घडणारी ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका २०१६ साली सुरू झाली आणि पुढल्याच वर्षी ती ‘जोडी हक्की’ या नावाने कन्नडात अवतरली. त्याच सुमारास ‘माझ्या नवऱ्याची बायको’ हिचा ‘सुब्बलक्ष्मी संसार’ झाला. ‘गुड्डन तुमसे ना हो पाएगा’ ही २०१८ ची हिंदी गोष्ट २०२१ साली कन्नडात ‘हिटलर कल्याण’ म्हणून आली आणि २०२४ साली मराठीत ‘नवरी मिळे हिटलरला’ म्हणून आली.

या देवघेवीतून समीक्षेला उपयोगी पडेल अशी एक कसोटी हाती येते. गोष्ट एका भाषेतून दुसरीत गेली म्हणजे तिच्यातले काय जाते आणि काय मागे राहते, हे पाहावे. जे जाते ते कथानक. भोळा नायक, शिकलेली नायिका, कपटी जाऊ, दाराआडून ऐकलेले संभाषण, हे सारे सामान एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढविता येते. जे मागे राहते तेवढाच त्या मालिकेतील मराठीचा खरा वाटा. आणि काहीच मागे राहिले नाही, तर ती मालिका मराठी वाहिनीवर दिसली एवढ्यावरून तिला मराठी म्हणण्याचे कारण उरत नाही.

कथानक उसने आणणे हा दोष आहे, असे मात्र यावरून कोणी समजू नये. मराठी रंगभूमीचा आरंभच मुळी कन्नड मुलखातून आलेल्या प्रेरणेने झाला. कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे केले. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठी संगीतात आणले, त्यांचा जन्म आमच्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनीही काही काळ बेळगावात शिक्षकी केली. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मोलियरच्या नाटकावरून इंग्रजीत झालेल्या एका नाटकावर आधारलेले आहे, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे. परंतु देवलांनी पात्रांना फाल्गुनराव, अश्विनशेट, कृत्तिका, रेवती अशी महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली, आणि त्या नावांपाठोपाठ त्यांच्या तोंडी असे काही बोलणे घातले की, तो संशय मराठी घरातला झाला. परक्या घरचे बी आपल्या मातीत रुजविणे याला कला म्हणतात. मालिकांकडून अपेक्षा करावयाची ती इतकीच.

या कसोटीने मी अलीकडे काही जुन्या आणि काही नव्या मालिका सलग पाहिल्या. त्यांतील तीन मालिकांचा एकत्र विचार करणे बोधप्रद ठरेल, कारण तिन्हींचे बीज एकच आहे: पतीचे मन दुसऱ्या स्त्रीकडे वळणे आणि त्या आघातातून पत्नीने स्वतःला सावरणे. पहिली १९९९ साली सुरू झालेली ‘आभाळमाया’. दुसरी २०१६ ची ‘माझ्या नवऱ्याची बायको’. आणि तिसरी, २०१९ च्या अखेरीपासून २०२४ पर्यंत चाललेली ‘आई कुठे काय करते!’.

‘आभाळमाये’तील सुधा जोशी ही महाविद्यालयात शिकविणारी स्त्री. सुकन्या कुलकर्णी यांनी ती रंगविली आणि विनय आपटे यांनी त्या मालिकेचे दिग्दर्शन केले. आज ती पाहताना तंत्राचा बाळबोधपणा जाणवतो. खोल्यांतील उजेड सपाट आहे, दृश्ये संथ आहेत. पण सुधा बोलू लागली म्हणजे पुढे काय होणार याची उत्कंठा मागे पडते आणि ती वाक्य कसे पुरे करते इकडे लक्ष लागते. शिकलेली, कमावती, मुलींसमोर शब्द जपून वापरणारी अशी ही मुंबईची मध्यमवर्गीय स्त्री आहे. ती रागावली तरी तिचे वाक्य व्याकरणातून सुटत नाही, आणि त्या सावरलेल्या वाक्यातूनच तिच्या दुःखाचा अंदाज येतो.

‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील राधिका नागपूरकडची. अनिता दाते यांच्या तोंडी वऱ्हाडी ढंगाची मराठी आहे. येथे लेखकाने प्रारंभी एक उत्तम गोष्ट साधली होती. राधिकेची बोली हा तिचा नुसता साज नव्हता. मुंबईच्या उच्चभ्रू वर्तुळात मिरवू पाहणाऱ्या नवऱ्याला तिच्या ज्या गावठीपणाची लाज वाटे, त्यात ही बोली मुख्य. म्हणजे बोली हे कथेचे कारण होते. ती काढून घेतली असती तर संघर्षच उरला नसता. पुढे मालिका वर्षानुवर्षे लांबत गेली, राधिका मोठ्या उद्योगाची मालकीण झाली, आणि ती बोली केवळ ओळखीची खूण म्हणून शिल्लक राहिली. आरंभी जी गरज होती ती शेवटी सवय झाली.

‘आई कुठे काय करते!’ ही ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवरून घेतलेली. तिचे कथानक जसेच्या तसे उचलण्याजोगे असूनही मधुराणी गोखले-प्रभुलकर यांची अरुंधती पहिल्या काही महिन्यांत अस्सल मराठी घरातली वाटते. अर्धे वाक्य बोलून स्वयंपाकघराकडे वळणारी, स्वतःच्या मतापुढे ‘म्हणजे मला आपलं वाटलं’ अशा अर्थाचे कुंपण घालणारी गृहिणी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. घटस्फोटानंतर ती बोलावयास शिकते, हा तिचा विकास. परंतु ती बोलावयास शिकली आणि हळूहळू व्याख्यानच देऊ लागली. प्रत्येक प्रसंगाच्या अखेरीस तिच्या तोंडून एक उपदेशपर परिच्छेद येऊ लागला. त्या परिच्छेदातील विचार पुष्कळदा योग्य असत. पण योग्य विचार आणि त्या माणसाचे बोलणे या दोन भिन्न वस्तू आहेत. जेथे अरुंधती अडखळते तेथे ती मराठी आहे; जेथे ती व्याख्यान देते तेथे तिचे कोणत्याही भाषेत भाषांतर करता येईल.

आता ग्रामीण बोलीकडे वळू, कारण आमच्या भागाचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी, ‘लागिरं झालं जी’ने साताऱ्याकडची आणि ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापुरी बोली घराघरांत नेली. ही काही लहानसहान कामगिरी नव्हे. ज्या बोली एके काळी नोकराच्या किंवा विदूषकाच्या तोंडी असत, त्या नायकाच्या तोंडी आल्या. राणा हा पहिलवान, शेतकरी, बुजरा. अंजली ही शिक्षिका. पहिल्या काही महिन्यांत राणाच्या ‘चालतंय की’ या दोन शब्दांत संकोच, होकार, आदर, माघार असे किती तरी भाव हार्दिक जोशी यांनी भरले. मग ते दोन शब्द लोकप्रिय झाले आणि तेथेच घात झाला. शब्द माणसापासून सुटला. त्याची टोपी झाली, कोणीही घालावी आणि हशा मिळवावा. पुढे तर कथानक ताणण्यासाठी राणा गेला असे दाखवून तोच नट ‘राजा राजगोंडा’ म्हणून परत आणण्यात आला. माणूसच असा बदलता येतो म्हटल्यावर त्याच्या बोलण्याला मूळ कोठून राहणार?

बोलीचा विनोद आणि बोलीची थट्टा यांतील अंतर समजून घ्यावयाचे असेल, तर पु. ल. देशपांडे यांच्या ‘गणगोत’मधील ‘रावसाहेब’ पुन्हा वाचावे. पु. ल. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत असत. तेव्हाच्या बेळगावातील हा माणूस. त्याची मराठी कानडी वळणाची आहे आणि ती वाचताना हसू येते, पण त्या हसण्यात रावसाहेब लहान होत नाहीत. मोडके व्याकरण त्यांच्या अंतःकरणाच्या मोठेपणाच्या आड येत नाही, उलट त्याला वाट करून देते. मालिकांच्या संवादलेखकांनी बोलीचा पाठ गिरवावयाचा तर तो येथे गिरवावा.

आमच्याकडची बोली अद्याप कोणत्याही मोठ्या मालिकेच्या नायकाच्या तोंडी आलेली माझ्या पाहण्यात नाही. ‘काय करूलालास?’ असे येथील मुले एकमेकांना विचारतात. ‘करू लागला आहेस’ याचेच हे घासून गुळगुळीत झालेले रूप असावे. गंमत अशी की, शेजारच्या कन्नडातही ‘मी करतो आहे’ यासाठी ‘माडाक हत्तीनि’, म्हणजे शब्दशः ‘करावयास लागलो आहे’ असेच म्हणतात. दोन भाषांनी पिढ्यान्‌पिढ्या एका अंगणात राहून एकमेकींची वाक्यरचना कशी उचलली, याचा हा जिवंत पुरावा आहे. आणि हीच रूपे वर्गात तोंडून निसटली की आमचे विद्यार्थी जीभ चावतात. कोल्हापुरी ढंगात बोलणे त्यांना धीटपणाचे वाटते, कारण ते पडद्यावरून आलेले आहे; घरचे बोलणे चुकीचे वाटते, कारण ते कोठेच ऐकू येत नाही. पडद्याची सत्ता ती हीच.

येथे एक आक्षेप संभवतो. बोलीला इतके महत्त्व दिले तर ‘मालगुडी डेज’चे काय करावयाचे? आर. के. नारायण यांच्या मूळ कथा इंग्रजी. १९८७ च्या त्या मालिकेतील पात्रे हिंदी बोलतात. आणि चित्रण झाले शिमोग्याकडील आगुंब्यास. तरीही ती मालिका कन्नड मुलखाची आहे, याविषयी आमच्या भागातील कोणासही शंका वाटत नाही. आक्षेप योग्य आहे, आणि त्यावरून आपली कसोटी थोडी रुंद केली पाहिजे. मराठी रंगभूमीवर वावरलेल्या शंकर नाग यांनी तेथे शब्दाऐवजी जागा बोलकी केली: पायऱ्यांवर बसण्याची रीत, वडील घरात आल्यावर मुलाने आवाज खाली आणण्याची रीत. शिवाय तेथील गोष्टी संपतात. एक-दोन भागांत किंवा थोडक्या भागांत सांगून होतात, आणि शेवट ठाऊक असल्यामुळे लेखकाला प्रत्येक शब्दाचा जमाखर्च ठेवता येतो. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून दूरदर्शनने केलेल्या ‘चिमणराव’ मालिकेत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे बोलणे नेमके वाटते, त्याचेही हेच कारण. मागे एक लिहून पुरे झालेले पुस्तक उभे होते.

दैनंदिन मालिकेला तशी सोय नाही. ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांहून अधिक भागांची मजल गाठली. रोजचा एक भाग पुरवावयाचा तर कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे अशी विभागणी होते. प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे पाहून कथेची दिशा बदलते, आणि संवादलेखकाच्या हाती प्रसंग येतो तो सर्वांत शेवटी. अशा धांदलीत पहिले शंभर भाग चांगले लिहिले जातात याचेच नवल करावे. ज्या तीन मालिकांची चर्चा वर केली त्या तिन्हींत आरंभीचा काळ उत्तम आणि पुढील उतरता आहे, हा योगायोग मानता येत नाही.

मालिका पाहणारे लोक भाषा ऐकावयास बसत नाहीत, सोबत शोधावयास बसतात, असेही म्हटले जाईल. एकट्या वृद्धेला संध्याकाळी ओळखीचे चेहरे भेटतात, हे मी आमच्या आळीत रोज पाहतो, आणि त्या सोबतीला तुच्छ लेखण्याची माझी इच्छा नाही. परंतु ज्याच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात त्याचीच सोबत होते. आमच्या सीमाभागात तर याला आणखी एक बाजू आहे. कचेरीची भाषा कन्नड, प्रतिष्ठेची इंग्रजी, आणि मराठी माध्यमाच्या शाळांतील मुले दरवर्षी कमी होताना दिसतात. अशा स्थितीत पुष्कळ मुलांच्या कानी घराबाहेरची जी मराठी पडते ती बव्हंशी मालिकेतली. ती मराठी जर भाषांतरित भांडणांची आणि पाठ केलेल्या पालुपदांची असेल, तर त्या मुलांना आपली भाषा तेवढीच आहे असे वाटू लागेल.

म्हणून साहित्यसंस्थांनी या प्रकाराकडे पाठ फिरविणे आता पुरे करावे. नाटकाची संहिता आपण छापतो, अभ्यासतो, तिला पारितोषिके देतो. मालिकेच्या उत्तम शंभर भागांचे संवाद मात्र प्रक्षेपणानंतर कोणाच्याही हाती राहत नाहीत. निवडक मालिकांचे संवाद ग्रंथरूपाने उपलब्ध व्हावेत, संवादलेखकाच्या नावाने त्यांचे परीक्षण व्हावे, आणि ज्या बोली अजून पडद्यावर आल्या नाहीत त्यांत लिहिणाऱ्यांना उत्तेजन मिळावे. चंदगड, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात त्या बोलीत कथा लिहू शकणारे तरुण आहेत. त्यांना कोणी मागणी घातलेली नाही, इतकेच. ती मागणी घालण्याचे काम वाहिन्या आपण होऊन करतील असे दिसत नाही. ते साहित्यसंस्थांनी करावे, आणि वाहिन्यांनी त्यातून निवडून घ्यावे.