ऑक्सिजन नावाची चूक

पारिभाषिक शब्द अर्थवाही हवा, असा आग्रह आपल्याकडं धरतात. आम्हांला तो पुरता पटत नाही. लव्हाझिए आणि सहकाऱ्यांच्या १७८७ च्या नामावलीतला ‘ऑक्सिजन’ घ्या. ग्रीकमधून घडवलेला अर्थवाही शब्द: आम्ल जन्माला घालणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असणारच, हा लव्हाझिएंचा सिद्धांत नावातच बसवलेला! पण हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. सिद्धांत गेला, नाव राहिलं. जर्मन तर अजून त्याला ‘आम्लद्रव्य’च म्हणतात. १८१० मध्ये डेव्हींनी क्लोरीनचं नाव नुसत्या पिवळट-हिरव्या रंगावरून ठेवलं. हे आम्हांला जास्त शहाणपणाचं वाटतं. सिद्धांत बदलला तरी रंग तोच. आणि आपला ‘प्राणवायू’ तरी कुठं निर्दोष आहे? आयुर्वेदातला प्राण हा देहातल्या पाच वायूंपैकी एक. तो काही सिलिंडरमध्ये भरता येत नाही.