पेंटाग्राम : यंत्रांत सांपडलेला स्वर

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गाण्याचा विषय निघाला म्हणजे मंडळींत तट पडल्यावांचून राहत नाहींत. घराण्यांवरून तट पडतात, नाट्यगीतांवरून पडतात, सिनेमांतल्या गाण्यांवरून तर पडतातच. पण विजेच्या यंत्रांची साथ घेऊन इंग्रजींत गाणाऱ्या तरुण जथ्यांचा विषय निघाला कीं सर्वांचें एकमत होतें. भाषा परकी, वाद्यें परकीं, आणि ठेका तर यंत्रानें दिलेला. मग त्यांत आपलें तें काय उरलें, असें विचारून विषय मिटविण्यांत येतो. प्रश्न अगदींच टाकाऊ नाहीं. मात्र 'पेंटाग्राम' या मुंबईच्या वाद्यवृंदाची वाटचाल जो लक्ष देऊन ऐकेल, त्याला तो इतक्या लवकर मिटवितां येणार नाहीं.

हा जथा 1994 सालीं उभा राहिला. विशाल दादलानी हे गायक, रॅन्डॉल्फ कोरिया गिटारवादक, पापल माने यांच्याकडे बेस गिटार आणि शिराज भट्टाचार्य यांच्याकडे ड्रम्स, हें त्याचें पुढें स्थिर झालेलें रूप. नांव पांच टोकांच्या ताऱ्याचें, आणि माणसें मात्र चार ! 1996 सालीं 'वी आर नॉट लिसनिंग' हा त्यांचा पहिला संग्रह निघाला. त्यांत जोम आहे, तारुण्याची रग आहे. पण तो ऐकतांना अमेरिकेंतील तत्कालीन रॉक-वादकांची आठवण पदोपदीं होते. उत्तम नक्कल करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीकडे पाहून गुरुजींना जें समाधान वाटतें, त्याहून अधिक कांहीं तेथें मिळत नाहीं.

2002 सालच्या 'अप' या संग्रहांत यंत्र पुढें आलें, आणि आमच्या मतें येथूनच या मंडळींना स्वतःचा आवाज सांपडूं लागला. गिटारीच्या मागें सव्वाशें वर्षांची नव्हे, तरी दोन पिढ्यांची अमेरिकन परंपरा उभी होती. तिच्या ओझ्याखालीं मुंबईचा मुलगा वांकून चालत होता. यंत्राच्या बाबतींत तसा कोणीच वडीलधारा नव्हता. मँचेस्टरच्या 'न्यू ऑर्डर' या जथ्याचें उदाहरण येथें सहज आठवतें. 'जॉय डिव्हिजन'चा गायक इयन कर्टिस 1980 सालीं वारला, आणि मागें राहिलेल्यांनीं नवें नांव घेऊन यंत्रांचा अवलंब केला. 1983 सालचें त्यांचें 'ब्लू मंडे' जगभर गाजलें. तेथें शोक होता, येथें नकलेचा कंटाळा होता, असें आम्हांला वाटतें. पण जुन्या आवाजांतून बाहेर पडण्याची वाट दोघांनाहि यंत्रांतूनच दिसली.

यंत्राच्या ठेक्यावर पहिला आक्षेप येतो तो एकसुरीपणाचा. परंतु तबल्याचा एकल कार्यक्रम ऐकणाऱ्यानें हा आक्षेप घेऊं नये. तेथें सारंगीवर किंवा पेटीवर एकच लेहरा तासभर फिरत असतो, आणि तो बदलत नाहीं म्हणूनच तबलजीची करामत कानांत भरते. यंत्रानें येथें लेहऱ्याची जागा घेतली आहे. अढळ ठेका खालीं चालूं असतां शिराज यांचे ड्रम्स कधीं त्याला बिलगतात, कधीं त्याच्याशीं हुज्जत घालतात, आणि कोरिया यांची गिटार सूर आळवण्याऐवजीं ठिणग्या टाकीत जाते. खरा आनंद या ओढाताणींतच आहे.

राहिला परकेपणाचा आक्षेप. आकाशवाणीनें 1940 सालीं हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती पुढें तीस वर्षें टिकली, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. ज्या बालगंधर्वांच्या गाण्याला आपण आपल्या रक्तांतलें म्हणतों, त्यांच्यामागें हरिभाऊ देशपांडे ऑर्गन वाजवीत असत. आणि तो ऑर्गन कांहीं पंढरपुरांत घडला नव्हता. विजेचीं यंत्रेंहि मुंबईला नवीं नाहींत. सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं 1982 सालीं तीं हाताशीं घेऊन दहा रागांचा एक संग्रह काढला. त्या वेळीं त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. 2010 सालीं तो पुन्हां निघाला तेव्हां परदेशांतले रसिक आश्चर्यानें थक्क झाले.

'पेंटाग्राम'चें सर्वांत पक्व काम 2007 सालच्या 'इट्स ओके, इट्स ऑल गुड' या संग्रहांत आहे. तत्पूर्वीं 2005 सालीं इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरीच्या महोत्सवांत ही मंडळी वाजवून आलीं होतीं, आणि तेथून आणलेला आत्मविश्वास या संग्रहांत ऐकूं येतो. वैगुण्य आहे तें शब्दांत. आवाजांत जितका आवेश, तितका अर्थ ओळींत नाहीं. कारगिलच्या 1999 सालच्या युद्धाच्या पार्श्वभूमीवर त्यांनीं 'द प्राइस ऑफ बुलेट्स' हें युद्धविरोधी गीत केलें, तेव्हां जावेद अख्तर यांचे शब्द आणि शंकर महादेवन यांचा आवाज सोबतीला घेतला. खरा कवि मिळाला म्हणजे हा जथा कोठवर जाऊं शकतो, हें त्या एका गीतानें दाखविलें. दुर्दैवानें तो प्रयोग पुढें वाढला नाहीं.

सतरा वर्षांत चार संग्रह, हा हिशेब तोकडा आहे. त्याचें एक कारण उघड आहे. दादलानी यांनीं 1999 पासून शेखर रावजियानी यांच्यासह चित्रपटांना संगीत देण्यास आरंभ केला, आणि 2003 सालच्या 'झंकार बीट्स'नंतर ती जोडी सिनेसृष्टींत स्थिरावली. त्याच गायकानें 2011 सालीं आपल्या जथ्याच्या चौथ्या संग्रहाला 'ब्लडीवुड' असें नांव द्यावें, यांत कोणी ढोंग पाहील. आम्ही पाहत नाहीं. सिनेमाबाहेरच्या गाण्यावर ज्या शहरांत घरभाडें भागत नाहीं, त्या शहरांतला हा चिडका विनोद आहे. संग्रह मात्र मागच्याच्या तोडीचा नाहीं. त्यांत राग पुष्कळ, रचना थोडी.

दुसरें कारण जागेचें. धोबीतलावचें रंगभवन हें अशा जथ्यांचें माहेरघर होतें. ध्वनिनियमांमुळें तें मैफलींना मुकलें. आपलें शिवाजी पार्कहि 2010 सालीं उच्च न्यायालयाच्या आदेशानें शांतता क्षेत्र ठरलें. सभांच्या कर्ण्यांनीं पिडलेल्या रहिवाशांची तक्रार रास्तच होती, आणि आम्हीहि तीच केली असती. पण मोकळ्या आकाशाखालीं ऐकण्याचें हें संगीत त्यामुळें बंद दिवाणखान्यांत आणि महागड्या उपाहारगृहांत गेलें, आणि ज्यांनीं तें ऐकावें त्या विद्यार्थ्यांच्या खिशाबाहेर गेलें, हेंहि नोंदविलें पाहिजे.

ज्यांना ओळख करून घ्यावयाची असेल त्यांनीं 2007 चा संग्रह प्रथम घ्यावा, आणि पहिल्या दोन गाण्यांवर मत बनवूं नये. त्यानंतर त्याच वर्षीं निघालेला कोरिया आणि मोनिका डोगरा यांच्या 'शायर अँड फंक'चा 'न्यू डे' ऐकावा. तीच गिटार तेथें एका स्त्रीच्या आवाजाशेजारीं बसली आहे, आणि पुष्कळच मवाळ झाली आहे.