बारापाचे डोके : डायनोसॉर, बालकविता आणि पुरावा

मुलांना विज्ञान शिकवण्यासाठी आणि त्यांना लिहिते करण्यासाठी डायनोसॉरच्या कविता हाताशी घ्याव्यात, अशी सूचना अधूनमधून केली जाते. सूचना चांगली आहे. प्रश्न कोणत्या कविता घ्याव्यात हा आहे. माझ्या वाचनात आलेल्या अशा कवितांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एकात लांबी, वजन, आहार या माहितीला यमके जोडलेली असतात. दुसऱ्यात डायनोसॉर म्हणजे जुन्या गोष्टीतला राक्षस, फक्त नाव नवे. पहिल्यात कविता हरवते, दुसऱ्यात विज्ञान. परंतु दोन्हींतली उणीव एकच आहे, असे माझे मत आहे. ‘हे आपल्याला कसे कळले?’ हा प्रश्न त्यांत कुठेच येत नाही.

विंदा करंदीकरांचा ‘राणीची बाग’ हा संग्रह १९६१ सालचा. प्राण्यांना विक्षिप्त वागायला लावून गंमत करण्याची वाट मराठी बालकवितेत तेव्हापासून चांगलीच रुळली. ही गंमत साधते, कारण खरा प्राणी मुलाच्या ओळखीचा असतो. वाघ भित्रा दाखवला की मूल हसते, ते वाघ कसा असतो हे त्याला ठाऊक असते म्हणून. डायनोसॉरच्या बाबतीत हा पायाच नसतो. तो चष्मा लावतो म्हटले काय आणि आग ओकतो म्हटले काय, मुलाला दोन्ही सारखेच. म्हणून येथे आधी पुरावा द्यावा लागतो. विक्षिप्तपणाला त्यानंतरच रंग चढतो.

असा पुरावा आपल्याच नदीच्या खोऱ्यात आहे. हदगाव तालुक्याच्या उत्तरेची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. त्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे सापडली. १९७५ साली त्याचे नामकरण झाले : बारापासॉरस टागोरेई. ‘बारापा’ म्हणजे मोठा पाय, कारण मांडीचे एक हाड सुमारे १.७ मीटर लांब निघाले. ‘टागोरेई’ हे रवींद्रनाथांवरून, कारण १९६१ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते. एका कवीचे नाव वागवणारा हा प्राणी बालकवितेच्या वर्गाला अगदी जवळचा ठरावा.

त्याहून उपयोगाची गोष्ट पुढे आहे. अनेक बारापांची मिळून शेकडो हाडे मिळाली, पण कवटी मिळाली नाही. मिळाले ते काही सुटे दात, चमच्यासारखे. मी मुलांसमोर एवढेच ठेवतो आणि वहीचे तीन रकाने करायला सांगतो : सापडले काय, कळते काय, वाटते काय. दात सापडले. पाला खाणारा असावा, हे कळते. चेहरा कसा, डोळे कसे, हाक कशी, हे वाटण्याच्या रकान्यात. कविता तिन्ही रकान्यांतून लिहायची. संग्रहालयात सांगाडा उभा करणाऱ्यालाही डोके याच क्रमाने घडवावे लागते. कल्पना करणे हा विज्ञानातलाच एक टप्पा आहे, हे मुलांना येथे व्याख्येशिवाय समजते.

काळाचे भानही असेच येते. आमच्याकडे विहीर खणताना मुरमाखाली काळा पाषाण लागतो. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मुले हमखास बारापाला या लाव्हातून पळवतात. पण बारापा साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचा. तो लाव्हा आपल्यापासून जितका दूर, त्याहून बारापा त्या लाव्हापासून दूर आहे. ही ओळ खोडण्यापेक्षा ‘कोणाला पळवता येईल?’ असे विचारावे. उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला मिळते. तिथले डायनोसॉर या ज्वालामुखींच्या काळातले.

पिसदुऱ्याची साक्ष शिक्षकांनाही सावध करणारी आहे. तिथे डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले तुकडे मिळतात. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते, असा समज दीर्घकाळ होता. ‘डायनोसॉर गवत खातो’ असे लिहिणाऱ्या मुलाची ओळ चूकच ठरली असती. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या तुकड्यांमध्ये गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण आढळल्याचे दाखवले गेले. ‘कळते काय’ हा रकानाही कायमचा भरून होत नाही.

या पद्धतीत कविता विज्ञानाची मोलकरीण होईल, हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. पुरावा बरोबर म्हणून कविता चांगली होत नाही; लय सैल, प्रतिमा उसनी असेल तर तसे मुलाला सांगितलेच पाहिजे. परंतु आमच्या मुलांची कोंडी वेगळी आहे. शोध दूर कुठे तरी लागतात, आपण ते पाठ करायचे, असे त्यांनी गृहीत धरले आहे. बारापाचे डोके अजून सापडायचे आहे, ही बातमी त्यांच्यापर्यंत कवितेतून पोचली, तर ती मुले कविताही वेगळी लिहितील आणि पायाखालचा दगडही उचलून पाहतील.