घोडा दिसतो, पाय दिसत नाहीत

मागच्या महिन्यात गावाहून काकाजींनी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. त्यांचा धंदा वरातीच्या घोड्याचा. साकोलीपासून लाखनीपर्यंतच्या कितीतरी नवरदेवांना त्यांच्या घोडीने मांडवापर्यंत नेलंय. ती घोडी पावसाळ्यात गेली. आता लग्नसराईच्या आधी दुसरी घ्यायची, अर्ध्याहून जास्त पैसे उसने काढून. व्हिडिओखाली एकच ओळ: 'पोरी, तू घोड्याईच्या पायाचा अभ्यास करतेस ना, पाहून सांग.'

व्हिडिओ 58 सेकंदांचा. मी तो सात-आठ वेळा पाहिला आणि मग तसलेच आणखी चाळीसेक शोधून पाहिले. आज लिहायचंय ते या विक्रीच्या व्हिडिओंबद्दल. सिनेमाची समीक्षा होते, तर यांची का होऊ नये? सिनेमा फसला तर तिकीट जातं, इथे वर्षाची कमाई जाते.

या व्हिडिओंची मांडणी आता ठरून गेलीय. आधी चेहरा, मग आतल्या बाजूला वळून एकमेकांना टेकणारी कानांची टोकं (मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांची ही खूण), मग अंगावरचे भोवरे. कुठला भोवरा शुभ, कुठला घरबुडव्या, यावर विक्रेता मन लावून बोलतो. 'देवमण आहे' म्हटलं की भाव चढतो. पायांचा उल्लेख येतो तो 'पंचकल्याणी' म्हणून, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं. अख्ख्या व्हिडिओत पायाबद्दल एकच वाक्य, आणि तेही रंगाबद्दल!

शेवटी घोडा नाचतो. इथे माझी खरी तक्रार सुरू होते.

घोड्याच्या पायातला दोष ओळखायची सर्वांत सोयीची चाल म्हणजे दुडकी. तिच्यात पाय तिरक्या जोडीने पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र, मग उरलेली जोडी. दोनच ठोके, टप-टप. दोन्ही अर्धे सारखे असायला हवेत, म्हणून बिघाड असला तर तुलना करायला समोरच दुसरा अर्धा असतो. पुढचा एखादा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो, म्हणजे त्या पायावर भार कमी येतो. चांगला पाय टेकला की डोकं खाली जातं. नाचात हे काहीच उरत नाही. पाय उंच उचललेले, जागच्या जागी, लगाम आखूड धरलेला. डोकं हलायला मोकळंच नसेल तर ते सांगणार काय?

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची जागा. मी पाहिलेले जवळजवळ सगळे व्हिडिओ बाजूने काढलेले. बाजूने घोडा देखणा दिसतो, मान्य. पण खुरांची टोकं आत वळलेली असतील तर चालताना पाय बाहेरच्या बाजूला फेकला जातो, आणि टोकं बाहेर वळलेली असतील तर पाय आत येतो, कधी शेजारच्या पायाला घासतो, जखम होते. हे कळायला घोडा सरळ आपल्याकडे यायला हवा आणि सरळ दूर जायला हवा. त्यात जमीन बहुतेक वेळा गवताची नाहीतर भुसभुशीत वाळूची, खूर अर्धे बुडालेले. दुखरा पाय मऊ जमिनीवर बऱ्याचदा लपतो, कडक रस्त्यावर बोलतो.

आणि आवाज! टापांवर डीजेचं गाणं चढवलेलं. कडक जमिनीवर दुडकीत एक ठोका दबका आला तर कान तो डोळ्याआधी पकडू शकतो. ते गाणं काय लपवण्यासाठी टाकलंय असं मी म्हणत नाही. बहुतेकांना ते फक्त छान वाटतं. पण लपतं ते लपतंच.

आमच्या भागात लोकांना पाय कळत नाहीत असंही नाही. शंकरपटाची जोडी पारखणारे म्हातारे मागचा खूर पुढच्याच्या ठशात पडतो की नाही हे मातीवर वाकून बघतात. 2014 ची बंदी आणि डिसेंबर 2021 ची परवानगी यांच्यामधल्या वर्षांतही ती नजर गेली नाही. घोडा मात्र आपल्याकडे मिरवायचा प्राणी, म्हणून त्याला वरून खाली बघतात आणि पोटापाशी थांबतात.

आता माझ्या बाजूचीही तपासणी करते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अनुभवी पशुवैद्यांनी 131 घोडे पाहिले. लंगडणं स्पष्ट होतं तिथे पाय लंगडा आहे की नाही यावर 93 टक्के वेळा एकमत झालं. सौम्य होतं तिथे फक्त 62 टक्के. त्याआधीच्या वर्षी आलेला एक अभ्यास म्हणतो की दोन बाजूंच्या हालचालीत साधारण 25 टक्क्यांहून कमी फरक असला तर तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. म्हणजे 'मला बघताच कळतं' म्हणणारा व्यापारी आणि 'मला बघताच कळतं' म्हणणारी संशोधक, दोघांचीही उडी तेवढीच.

शिवाय आमची बरीचशी मोजमापं युरोप-अमेरिकेतल्या, दुडकी धावणाऱ्या घोड्यांवर बेतलेली. मारवाडी घोड्याची रेवाल चाल वेगळी. तिच्यात चार पाय वेगवेगळे पडतात, स्वाराला हिसका बसत नाही. तिथे दुडकीचे नियम उचलून लावले तर निरोगी घोडाही लंगडा ठरेल. माझ्या प्रबंधातलं हे सगळ्यांत कच्चं प्रकरण आहे, आणि गाईड रोज त्याचीच आठवण करून देतात.

काकाजींना मी सांगितलं, विक्रेत्याला दुसरा व्हिडिओ मागा. डांबरी रस्ता, दोर सैल, गाणं नको, घोडी समोरून येऊ दे आणि पाठमोरी जाऊ दे. ते म्हणाले, 'काहून देईन तो?' पण दिला. 14 सेकंदांचा. मी आणि प्रयोगशाळेतला सहकारी, दोघांनी वेगवेगळा पाहिला. मला पुढच्या उजव्या पायावर डोकं किंचित उचलल्यासारखं वाटलं, त्याला काहीच वाटलं नाही. म्हणजे आम्ही त्या 62 टक्क्यांच्या घरात.

काकाजींना तसंच कळवलं: नक्की सांगता येत नाही, बयाना देऊ नका, तिथला पशुवैद्य सोबत घ्या, घोडी कडक जमिनीवर छोट्या गोलात दोन्ही बाजूंनी फिरवून बघा. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'एवढं शिकून नक्की सांगता येत नाही म्हणतेस, म्हणजे खरंच पाहिलं तू.' पुढच्या आठवड्यात ते निघतायत. जिल्हा इकडच्या टोकाला, सारंगखेडा पार तिकडच्या. सोबत मीही जातेय, सुट्टीचा अर्ज टाकलाय.