प्राथमिक शाळेतील मूल्यमापन आणि आपले निकष

दलित साहित्याचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हा वाद आपण पन्नास वर्षांहून अधिक काळ घालत आलो आहोत. प्रस्थापित समीक्षेची फूटपट्टी आमच्या लेखनाला लावू नका, हे आपण ठणकावून सांगितले. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६ साली आले, ते याच वादातून. परंतु ज्या फूटपट्टीने आपले पोर पहिलीच्या वर्गात मोजले जाते, तिची चिकित्सा आपण फारशी केलेली नाही. कवितासंग्रहावर अन्याय झाला तर परिसंवाद भरतो. सात वर्षांच्या मुलीच्या उत्तरावर अन्याय झाला, तर तिच्या बाजूने बोलायला कोणी नसते.

मी डी.एड. कॉलेजात छात्राध्यापकांना मूल्यमापन शिकवतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचले नव्हते. त्यामुळे प्रगतिपत्रक हा कागद मला कधीच निरुपद्रवी वाटलेला नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनावर, म्हणजे शिक्षकाच्या दैनंदिन निरीक्षणावर, तोंडीकामावर, उपक्रमांवर आला. शिवाय ‘विशेष प्रगती’, ‘आवड-छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ अशा वर्णनात्मक नोंदी करणे आले. हेतू चांगला होता. मुलाला एका लेखी पेपरावर तोलू नये, हाच तो हेतू. पण या पद्धतीने शिक्षकाच्या नजरेला पूर्वी नव्हता एवढा अधिकार दिला, आणि ती नजर घडवण्याचे काम मात्र कोणी अंगावर घेतले नाही. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. मूल न पाहताही त्याची नोंद करता येऊ लागली.

आंतरवासितेच्या वह्यांत मी या नोंदी दरवर्षी वाचतो. ‘अबोल आहे.’ ‘उच्चार अशुद्ध.’ ‘घरचे वातावरण पोषक नाही.’ साहित्यकृती वाचावी तशा त्या वाचल्या, तर काय दिसते? तिन्ही नोंदींत मूल काय शिकले याविषयी एक अक्षर नाही. पहिली नोंद सांगते की शिक्षकाला त्या मुलीला बोलते करता आले नाही. दुसरी तिच्या वस्तीची बोली सांगते. ती ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, म्हणून तिला धडा कळला नाही असे ठरत नाही. तिसरी नोंद ज्या घराविषयी आहे, त्याचा उंबरा लिहिणाऱ्याने बहुधा ओलांडलेलाच नसतो. एकलव्याला न शिकवताच त्याचा निकाल लावला गेला होता. इथेही क्रम तोच आहे.

दोष केवळ छात्राध्यापकाचा नाही. आपण त्याला बेंजामिन ब्लूमचे १९५६ चे वर्गीकरण पाठ करायला लावतो. तो ज्ञान, आकलन, उपयोजन यांना गुण वाटून संविधान तक्ता सुबक आखतो. पण एका खऱ्या मुलाची वही पुढे ठेवून ‘हे उत्तर त्याने कसे काढले असेल?’ असे त्याला क्वचितच विचारले जाते. समजा, ५२ मधून २८ वजा करताना मुलाने ३६ लिहिले. ‘गणितात कच्चा’ ही नोंद झाली म्हणजे शिक्षकाची जबाबदारी संपली. नीट पाहिले तर कळते की त्याने दोन्ही घरांत मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. म्हणजे त्याला वजाबाकी येते, दशक सुटा करता येत नाही. ही नोंद झाली की उद्या काय शिकवायचे ते कळते. पहिली नोंद हा निवाडा आहे, दुसरी निदान. मूल्यमापनाचे प्रशिक्षण म्हणजे या दोहोंतला फरक शिकवणे.

यावर कोणी म्हणेल, आपला माणूस शिक्षक झाला की हे आपोआप सुटेल. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत असे सुचवले होते. ती मागणी आजही योग्य आहे. पण तेवढी पुरेशी नाही. रेमा हॅना व ली लिंडेन यांचा भारतातील एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात उत्तरपत्रिकांवर मुलांच्या जाती चिठ्ठ्या टाकाव्यात तशा नेमून दिल्या होत्या. खालची जात लिहिलेल्या पेपरांना किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता, पण तो आढळला मुख्यतः खालच्या मानलेल्या जातींतूनच आलेल्या परीक्षकांत. आणि गठ्ठ्यातील सुरुवातीच्या पेपरांत तो अधिक होता. हे वाचून आपण अस्वस्थ झाले पाहिजे. व्यवस्थेने आपल्याविषयी जे सांगितले ते आपल्याही पेनात उतरलेले असू शकते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. पेपर तपासताना नाव झाकावे आणि गठ्ठ्यातले पहिले दहा पेपर शेवटी पुन्हा पाहावेत. प्रत्येक नोंदीखाली मुलाच्या कामाचा पुरावा असावा. पुरावा नसेल तर नोंद खोडावी. आणि बोलीला चूक न मानता मुलाचे म्हणणे आधी तिच्यातच ऐकावे. याला पैसा लागत नाही, नवा शासननिर्णयही लागत नाही. २०२३ पासून राज्यात पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. पुनर्परीक्षेतही नापास झालेले मूल त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद झाली आहे. चार वर्षे ‘कच्चा’ एवढेच लिहून पुढे ढकललेले मूल पाचवीत अडेल, तेव्हा अपयश त्याच्या नावावर लिहिले जाईल. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीच्या शाळेत जाऊन या नोंदी पालकांना वाचून दाखवाव्यात. त्यांवर बोलण्याचा पहिला अधिकार त्या पालकांचा आहे.